अळूच्या वाफ्याचा सामू

माती मोजणाऱ्या माणसाशी संसार करणं सोपं नाही. आमच्या स्वयंपाकघरातलं मीठ संपलेलं मला डबा उघडल्यावर कळे, पण मागच्या अंगणातल्या मातीत क्षार किती आहेत हे मात्र रोज सकाळच्या चहाबरोबर ऐकावं लागे.

हे लखनौच्या एका संशोधन संस्थेत मृदाशास्त्रज्ञ होते. इथल्या आसपास ऊसर जमीन पुष्कळ. आमच्या सांगलीकडे तिला चोपण म्हणतात. वाळली की दगड, भिजली की साबण, आणि वर पांढरी बुकटी. ती पिकती करण्यात यांची सगळी नोकरी गेली. त्यात यांना यश आलं हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी यांची बरीच थट्टा करणार आहे. जिथे गवताची काडी उगवत नव्हती तिथे शेतकरी भात काढायला लागले. जिप्सम टाकायचं, पाणी कोंडायचं, क्षार विरघळले की त्यांचा निचरा करायचा, आणि पुन्हा मोजायचं. हा यांचा धर्म.

निवृत्तीच्या आधी आम्हाला वृंदावन योजनेत घर मिळालं. मागच्या दाराशी खाटेएवढी मोकळी जागा होती. यांनी तिथली माती चिमटीत घेऊन चुरली, थोडीशी जिभेवर ठेवली आणि हसू लागले. ऊसर. आयुष्यभर जिच्यामागे फिरले ती आता मागच्या दारी येऊन बसली होती. मी म्हटलं, पदरी पडलं पवित्र झालं, मला त्यात अळू लावून द्या.

अळूची माझी हौस जुनी. आलमबागेच्या मंडईत अरबीचे पत्ते मिळतात, पण ते खाल्ले की घसा असा खाजतो की दुसऱ्या दिवशी शाळेत भूगोल शिकवताना माझा आवाज निघायचा नाही. म्हणून माहेराहून, भावाच्या परड्यातून, काळ्या देठाच्या अळूचे कंद ओल्या फडक्यात गुंडाळून पर्समधून आणले. रेल्वेत शेजारच्या बाईंनी विचारलं, बहनजी, इसमें क्या है? मी सांगितलं, वडी आहे, अजून व्हायची आहे.

कंद फुटले. पण पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हे म्हणाले, मातीत लोह आहे, पण सामू चढलाय म्हणून झाडाला ते घेता येत नाही. पीएचला शेतकीच्या पुस्तकात सामू म्हणतात. हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारला जाई की यांचा कुणी थोरला मुलगा असावा असं मी लोकांना सांगत असे. आज सामू कसा आहे? सामू उतरत नाही. सामूला गंधक द्यायला हवं.

मोजणीचा सोहळा जेवणाच्या टेबलावर चाले. माझ्या स्टीलच्या वाटीत माती, त्यात मोजून पाणी, काचेच्या कांडीने ढवळणं, मग थांबणं, आणि मग मीटरचं टोक अलगद बुडवणं. तेवढ्यात कुणी खुर्ची सरकवलेलीसुद्धा यांना चालत नसे. मी म्हणायची, हातच्या कांकणाला आरसा कशाला, पान पिवळं आहे हे मला इथूनच दिसतंय. हे म्हणत, दिसतं ते लक्षण, मला कारण पाहिजे. मग जिप्सम पडे, गंधक पडे, पाणी कोंडलं जाई, आणि पुन्हा मोजायला वाफा उकरला जाई. अळू मरतही नव्हतं आणि वाढतही नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलं, अहो, उठल्याबसल्या नाडी बघितली तर धडधाकट माणूसही अंथरूण धरेल. यांना ते इतकं आवडलं की जुन्या सहकाऱ्यांना फोन करून ऐकवलं, आणि मग खुरपं घेऊन वाफ्याकडे गेले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मीटरवर यांचा जीव होता. त्याच्या टोकाशी काचेची पातळ गोळी असते. ती कायम एका खारट द्रावणात भिजत ठेवावी लागते, कोरडी पडली की गेली. आम्ही लग्नकार्याला सांगलीला जायचो तेव्हा मी गॅस बंद केलाय का बघायची आणि हे गोळी भिजतेय का बघायचे.

मग यांची मूत्रपिंडं गेली. साखर बरीच वर्षं होती, तिने आतून आपलं काम केलं होतं. आलमबागेकडच्या एका डायलिसिस सेंटरला आमच्या खेपा सुरू झाल्या आणि घरातली भाषा बदलली. सामूची जागा क्रिएटिनीनने घेतली, गंधकाची पोटॅशियमने. सुरुवातीला हे उत्साहात होते. यंत्राशेजारी झोपून तिथल्या टेक्निशियनला समजावून सांगत, भैया, हम लोग खेत में यही करते थे, क्षार घोलो और बहा दो. तो बिचारा मान डोलवत असे. मी बाहेर बाकावर बसून इतरांच्या बायकांकडे बघत असे. आम्ही सगळ्या एकसारख्या दिसू लागलो होतो.

स्वयंपाक माझ्या हातून निसटला. मीठ बंद. भाजी चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी टाकायचं, म्हणजे भाजीतलं पोटॅशियम जातं. त्याबरोबर भाजीची चवही जाते, पण ते डॉक्टर सांगत नाहीत. दोन वेगळे स्वयंपाक मला जमेनात, म्हणून मीही तसंच खाऊ लागले. काही महिन्यांनी जिभेने तक्रार करणं सोडलं. हात तर आपोआप चालू लागला, मिठाच्या डब्याकडे जाईनासा झाला.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मी कपाट आवरत होते. मीटर कोपऱ्यात आडवं पडलं होतं, टोपण बाजूला, द्रावणाची बाटली वाळून खडखडीत, आणि काचेच्या गोळीवर पांढरी बुकटी चढलेली. अगदी ऊसरसारखी. मला वाटलं होतं, आजारपणात यांना जमत नाही म्हणून मोजणं थांबलंय. पण टोपण लावायला काही ताकद लागत नाही. हा माणूस गोळी कोरडी पडू देणारा नव्हता.

मी मीटर घेऊन यांच्यासमोर ठेवलं. यांनी ते उचललंही नाही.

"मोजणं पुरे आता," हे म्हणाले. "वाफ्यावर पाला टाक, शेण टाक, झाकून ठेव. उकरू नकोस. माती आपलं आपण बघते. जगायचं असेल तर अळू जगेल."

मी म्हटलं, बरं. मला वाटलं, एवढंच असेल.

"आणि माझंही पुरे करू या."

काय ते मला लगेच कळलं, तरी मी विचारलं, कशाचं? यांनी शांतपणे सांगितलं. यंत्रावर जाणं बंद करायचं होतं. किती दिवस मिळतील हेही यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. मला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं. माझा असा संताप झाला की मी मीटर टेबलावर आपटलं. म्हटलं, तुम्ही काय अळूचा कंद आहात, पाला टाकून झाकून ठेवायला? संध्याकाळपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही. वाढलं, पण बोलले नाही.

लेक विकास नगरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. तिला फोन केला, तर ती आधीच बापाच्या बाजूला जाऊन बसलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. म्हणाली, "आई, बाबा थक गए हैं. एक बार उनकी सुन तो लो." मी म्हटलं, तू रविवारी येतेस आणि रविवारी जातेस, उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय. ती रडली. मला तेव्हा तिची दया आली नाही, आपल्याविरुद्ध दोघांनी कट केलाय एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार होता. हे तयार होऊन बसलेले. मी दार उघडलं तेव्हा म्हणाले, "तू म्हणशील तोवर जाईन."

याहून निर्दय वाक्य यांनी मला आयुष्यात ऐकवलं नव्हतं. भांडले असते तर मी जिंकले असते. यांनी सगळं माझ्या हातात दिलं आणि स्वतः मोकळे झाले. त्यानंतरची प्रत्येक खेप माझ्या शब्दावर झाली. प्रत्येक सुई माझ्या शब्दावर टोचली गेली.

मग मी एक वेडेपणा केला. ज्या मीटरची आयुष्यभर चेष्टा केली ते जिवंत करायला घेतलं. नवं द्रावण मागवलं. बाटलीवर नाव वाचलं, पोटॅशियम क्लोराइड. घरातला माणूस ज्याच्या भीतीने केळं खात नाही ते मी विकत आणलं होतं. गोळी त्यात भिजत ठेवली आणि मग यांच्यासारखंच वाट्या मांडून बसले. एकीत लिंबू पिळलं, दुसरीत खायचा सोडा कालवला. मीटर दोन्हीकडे सात दाखवत होतं. साध्या पाण्यातही सात. हे आरामखुर्चीतून बघत होते. म्हणाले, मेलेली गोळी सगळ्याला सातच म्हणते. आकडा झकास दिसतो, पण त्यात काही नसतं. मी मीटर पुसून कपाटात ठेवलं आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही.

राहिला वाफा. राग कुठेतरी काढायला हवा होता. शिशिर संपताना इथे कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात, झाडूवाले ढीग करून पेटवतात आणि सगळ्या कॉलनीला खोकला लागतो. मी पोती घेऊन जायची आणि पेटवायच्या आधी पाला भरून आणायची. समोरच्या भाभीजी फाटकातून म्हणायच्या, दुनिया कूड़ा बाहर फेंकती है, आप घर ला रही हैं. गोठ्यातून शेणखताची घमेली आणली. वाफ्यावर आधी शेणखत, वर पाल्याचा जाड थर, मध्येमध्ये भाज्यांची देठं आणि चहाचा चोथा. खुरपं भिंतीला टेकवून ठेवलं. यांनी कधी तोंड उघडलं नाही. फक्त एकदा म्हणाले, दाबू नकोस, श्वास घेऊ दे.

यांची भाजी उकळलेलं पाणी मी मोरीत ओतत असे. त्यात मीठ नसायचं, मग ते थंड करून वाफ्याला घालू लागले. यांच्या ताटातून जे जे काढून घेतलं ते ते अळूला गेलं.

उन्हाळ्यात पाला खाली बसला, बुरसटला, काळा पडला. बोटाने बाजूला केला तर खाली ओल होती आणि गांडुळं होती. त्या मातीत गांडूळ मी प्रथमच बघितलं. मग कोंब आले, आणि पावसाळ्यापर्यंत पानं सुपाएवढी झाली. काळे देठ, गर्द हिरवी पानं. मी यांना विचारलं, हे पाल्याने झालं की आधीच्या तुमच्या जिप्समने? यांनी विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाले, माहीत नाही. दोन्ही असेल. मोजलेलं नाही ना.

मागच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे ती पानं बघत राहत. एकदा म्हणाले, वडी कर की. मी म्हटलं, अळू तुम्हाला विष आहे. हे हसले. "माझ्या भाजीचं पाणी पिऊन पोसलंय, आणि मलाच नाही?" मी नाही म्हणजे नाही म्हटलं. वडी झालीच नाही. पानं भाभीजींना दिली.

त्या पावसाळ्यात शरीर भराभर खचलं. यंत्रावर असतानाच रक्तदाब कोसळे. पायात असे गोळे येत की हे टॉवेल दातात धरत. हातावरची सुईची जागा सुजून वांग्यासारखी झाली. घरी आणलं की पुढच्या खेपेपर्यंत झोपून राहत, म्हणजे आम्ही जगवत होतो ते फक्त पुन्हा यंत्राकडे नेण्यासाठी. हे मला दिसत नव्हतं असं नाही. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. पण मी रिपोर्ट वाचायची. रिपोर्टमधले आकडे यंत्रावरून आल्यावर झकास दिसत.

मग ती सकाळ. गाडी बाहेर उभी होती. हे दाराशी खुर्चीत बसले होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, चपला उलट्या पायांत. चपलांकडे यांचं लक्ष नव्हतं. माझ्याकडे बघत होते. तक्रार नव्हती, विनवणीही नव्हती. मी काय म्हणते याची वाट बघत होते, जशी रोज बघत असत. मी खाली वाकून चपला सरळ करायला गेले आणि माझ्याच्याने ते झालं नाही.

"आज नको जाऊ या," मी म्हटलं.

"आज?" यांनी विचारलं.

"आता नकोच."

यांनी मान हलवली. मग स्वतःच्या हाताने चपला काढल्या. फार वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही. काढल्यावर त्या भिंतीशी सरळ लावून ठेवल्या. मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला परत पाठवलं आणि फाटक धरून रडले. भाभीजींनी बघितलं, पण आल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

लेक राहायला आली. डॉक्टरांनी फोनवर काय काय होईल ते सांगितलं आणि म्हणाले, आता जे मागतील ते द्या. दुसऱ्या दिवशी मी अळू कापलं. पानांच्या शिरा लाटण्याने दाबल्या, बेसनात चिंच-गूळ, तीळ, तिखट घातलं, पानं लिंपून उंडे वळले, उकडले, काप करून तळले. सगळं घर त्या वासाने भरलं. यांना उशीला टेकवून बसवलं. यांनी दोन वड्या खाल्ल्या, सावकाश, डोळे मिटून. मी विचारलं, कशी झालीये?

"खाजली नाही," हे म्हणाले.

यांच्या तोंडून एवढी तारीफ पुष्कळ होती. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळी लेकीबरोबर जेवायला बसले आणि पहिला घास घेतल्यावर ती थांबली. माझ्याकडे बघितलं आणि तशीच खात राहिली. मग मला कळलं. वडीत मीठ नव्हतं. पानंसुद्धा मी आधी उकळत्या पाण्यातून काढली होती आणि ते पाणी वाफ्याला घातलं होतं. सगळी पथ्यं सोडून, यमाला दार उघडून या माणसाने एक वडी मागितली, आणि मी त्याला पथ्याची वडी खाऊ घातली.

सकाळी उठून मी पुन्हा पानं कापली आणि मीठ घालून वड्या केल्या. पण हे त्या पहाटेपासून झोपेत होते. हाक मारली की भुवया हलत, तोंड उघडत नव्हतं. एक तुकडा ओठांना लावून बघितला. मग लेकीने माझा हात धरून खाली घेतला. ताटली ओट्यावर तशीच राहिली. नंतर कुणी कुठे टाकली मी विचारलं नाही. यांच्यानंतर लोक भेटायला आले, चांगलं बोलले, शेतकरीही आले. मला मात्र दिवसभर एकच विचारायचं होतं आणि ज्याला विचारायचं तो नव्हता. मिठाचं यांना कळलं होतं का?

वर्षश्राद्धाला मराठी गुरुजी मिळाले. त्यांनी स्वयंपाकाला काय काय लागेल ते फोनवर सांगितलं. वडे, खीर, आणि अळू हवंच, म्हणाले, अळूशिवाय श्राद्ध नाही. जिवंतपणी ज्याला वर्ज्य, त्याला मेल्यावर सक्तीचं. मी म्हटलं, आहे, घरचंच आहे. वर्षभर वाफ्याकडे मी पाला टाकण्यापलीकडे बघितलं नव्हतं. कुणी मोजलं नव्हतं, कुणी उकरलं नव्हतं. पानं गेल्या वर्षीपेक्षा मोठी होती.

श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. अळूची भाजी रटरटत होती आणि मी मीठ घातलं. मग वाटलं, घातलं की फक्त डब्याला हात लावला? या हातावर माझा विश्वास उरला नव्हता. पुन्हा घातलं. ढवळलं. झाकण ठेवलं, काढलं, आणि आणखी घातलं.

पान वाढलं, कावळ्याचा घास गच्चीवर ठेवला, सगळे जेवायला बसले. गुरुजींनी भाजीचा एक घास घेतला आणि तांब्याकडे हात नेला. लेक हळूच म्हणाली, "आई, नमक बहुत तेज़ है."

मी म्हटलं, असू दे. आणि वाटी उचलून सगळी भाजी संपवली. ती माझ्याकडे बघत होती. मग तिनेही वाटी जवळ ओढली आणि पाणी न पिता खायला लागली.